तीन लाखांत जुनी छोटी गाडी: वॅगनआर, ग्रँड आय१०, की थोडं कर्ज काढून नवीच?

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी.

आमच्या घरात आजवर फक्त दुचाकी आहे. मुलगी सहा वर्षांची झाली, सासू-सासरे पाटणच्या पुढे गावी असतात, आणि पावसाळ्यात तिघांनी स्कूटरवरून त्या रस्त्याने जायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. हाताशी सव्वातीन लाख आहेत. त्यातच नाव ट्रान्सफर, विमा आणि लागलेच तर टायर, सगळं बसवायचंय. गाडी मुख्यतः मीच चालवणार. शाळा कराडपासून १४ किलोमीटरवर आहे, शिवाय महिन्यातून दोनेकदा गाव.

सध्या नजरेसमोर तीन गोष्टी आहेत. आमच्याच कॉलनीतल्या एका काकांची २०१८ची वॅगनआर, पेट्रोल, फर्स्ट ओनर, ४१ हजार किमी, ते २ लाख ९० म्हणतायत. दुसरी पुण्यात एका डीलरकडे २०१६ची ग्रँड आय१०, फोटोत एकदम चकाचक, ३ लाख १०. आणि भावाचं म्हणणं तिसरंच: "ताई, जीएसटी कमी झालाय, थोडं कर्ज काढ आणि नवी घे."

जुनी गाडी घेताना काय बघायचं, कुठे फसगत होते, आणि सव्वातीन लाखांत मनाला पटेल अशी गाडी खरंच मिळते का, हे अनुभव असलेल्यांनी सांगा.

द्राक्षबाग

काकांची वॅगनआर. ओळखीच्या माणसाची, डोळ्यांसमोर वापरलेली गाडी मिळत असेल तर पुण्याला कशाला जायचं?

गिअरबॉक्स

ताई, माझं सांगलीत गॅरेज आहे, अशा छोट्या गाड्यांचंच काम जास्त येतं. आधी मॉडेलबद्दल. २०१८च्या वॅगनआरमध्ये ९९८ सीसीचं के सिरीज इंजिन आहे. टायमिंग चेन आहे, त्यामुळे बेल्ट बदलायची भानगड नाही. पार्ट तालुक्याच्या गावात मिळतो आणि गावाकडचा मेकॅनिकसुद्धा डोळे झाकून काम करतो. ग्रँड आय१०चं ११९७ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन जास्त गुळगुळीत चालतं, आतलं फिनिशिंगही सरस. पार्ट थोडे महाग. दोन्ही गाड्या चांगल्याच आहेत. पण जुनी गाडी घेताना मॉडेल दुसऱ्या नंबरला, आधीच्या मालकाने ती कशी ठेवली हे पहिलं.

बघायला सकाळी जा, आणि इंजिन थंड असतानाच जा. बॉनेटवर हात ठेवा. तुम्ही यायच्या आधीच गाडी गरम करून ठेवलेली असेल तर समजा, थंड असताना स्टार्ट व्हायला त्रास आहे किंवा पहिला धूर लपवायचाय. स्टार्ट केल्यावर मागे कुणालातरी उभं करा. निळा धूर म्हणजे ऑईल जळतंय. मग इंजिन चालू असताना ऑईलचं झाकण उघडा. वाफेसारखा जोरदार धूर फेकत असेल तर त्याला आम्ही बॅक कॉम्प्रेशन म्हणतो, ती गाडी सोडून द्या. कूलंटच्या बाटलीत दुधी-चॉकलेटी काही दिसलं तरी तेच.

अपघात शोधायचा तर पेंटच्या चकाकीकडे बघू नका. बॉनेट, फेंडर आणि दरवाज्यांच्या बिजागरीचे बोल्ट बघा. कंपनीतून आलेल्या बोल्टवर रंग अखंड असतो, पाना लागला की कडा उडतात. दरवाज्याचं रबर बीडिंग थोडं ओढून खाली पाहा, कंपनीच्या स्पॉट वेल्डिंगचे गोल ठसे एकसारख्या अंतरावर दिसतात. ठसेच नसतील किंवा तिथे लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर पिलरचं, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबाचं, काम झालेलं आहे. बंपर, फेंडर रंगवलेला असला तर घाबरू नका, आपल्या रस्त्यांवर ते होतंच. पिलर, ॲप्रन (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा) आणि चेसिसला मात्र हात लागलेला नको.

काचांवरही लक्ष द्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीचा शिक्का आणि सालाची खूण असते. पाच काचा एका सालच्या आणि एकच नंतरची असेल तर त्या बाजूला काय झालं ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१८ म्हणजे २०१८चा तेविसावा आठवडा. ४१ हजार किमीची गाडी आणि टायर दुसऱ्यांदा बदललेले, असं असेल तर मीटरवर माझा विश्वास बसणार नाही.

वऱ्हाडी ठेचा

गिअरबॉक्स दादा, माहिती भारीच. पण मी भावाच्या बाजूने. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, आधी २८ आणि वर सेस होता. आल्टो के१० एक्स-शोरूम पावणेचारच्या आतबाहेर सुरू होते. आणि मुख्य म्हणजे २०२५ पासून तिच्यात सहा एअरबॅग आहेत. तुम्ही मुलीच्या सुरक्षेसाठी स्कूटर सोडताय ना? मग २०१८ची एअरबॅग नसलेली गाडी घेऊन अर्धंच काम कशाला करायचं? नवी घ्या, वॉरंटी घ्या, निवांत राहा.

पिठलंभाकर

ठेचा भाऊ, एक्स-शोरूम किमतीवर गाडी दारात येत नाही. रोड टॅक्स आला, विमा आला, ॲक्सेसरीज "घ्याव्याच लागतात" म्हणून गळ्यात मारतात. सगळ्यात खालचं मॉडेल घेताना एसी आणि पॉवर स्टिअरिंग आहे का तेही बघावं लागतं, आणि ते असलेलं मॉडेल घेतलं की आकडा चढला. समजा ताईंनी स्वतःचे दीड लाख भरून तीन लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी काढलं. हप्ता येतो साधारण ६,३०० रुपये, एकूण परतफेड ३ लाख ७८ हजार. म्हणजे ७८ हजार नुसतं व्याज.

जुनी रोखीने घेतली तर हे ६,३०० दर महिन्याला हातात राहतात. पहिल्या वर्षी त्यातून बॅटरी, टायर, क्लच, सगळं नवीन करूनही पैसे उरतील. शिवाय नवी गाडी पहिल्या दोन-तीन वर्षांत जी किंमत गमावते ती आधीच्या मालकाने सोसलेली असते.

कोयनाकाठ

ठेचा भाऊ, एअरबॅगचा मुद्दा मनाला लागला. काकांना विचारलं, त्यांची एलएक्सआय, म्हणजे साधं मॉडेल आहे, एअरबॅग नाही, जोरात ब्रेक लावला तरी चाकं लॉक होऊ न देणारं एबीएसही नाही.

हप्ता आम्हाला नको आहे. घराचं कर्ज चालू आहे आणि दुसरा हप्ता घ्यायचा नाही हे पक्कं आहे.

गिअरबॉक्स

मग वर्ष बघून घ्या. एप्रिल २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हर एअरबॅग, सीटबेल्टची आठवण देणारा बझर आणि मागचे पार्किंग सेन्सर. शेजारच्या सीटची एअरबॅग जुन्या चालू मॉडेलांना सक्तीची झाली ती २०२१ संपताना. म्हणजे २०२२ नंतरची कुठलीही गाडी घेतली तर निदान दोन एअरबॅग असणारच. त्याआधीच्या गाड्यांत वरच्या मॉडेलांना किंवा ऐच्छिक म्हणून मिळायच्या, एकेक गाडी तपासावी लागते.

जानेवारी २०१९ला वॅगनआरचं नवं रूप आलं. तिला सुरुवातीपासून एबीएस आणि ड्रायव्हर एअरबॅग आहे. त्याच पैशांत काकांच्या गाडीपेक्षा जास्त चाललेली मिळेल, पण मी तीच घेईन. टियागोही बघा. २०२०च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक चाचणीत तिला चार तारे मिळाले होते, त्याच संस्थेने २०१९मध्ये नव्या वॅगनआरला दोन दिले होते. तीन सिलिंडर असल्याने थोडी थरथर जाणवते, पण पत्रा आणि बसण्याची स्थिरता छान आहे.

तिरफळ

मी चिपळूणचा. कुंभार्ली घाट उतरलं की आमचंच गाव, त्यामुळे कराडकरांना हक्काने सांगतो: पुरातली गाडी ओळखायला शिका.

२२ जुलै २०२१ला आमच्याकडे पाणी भरलं तेव्हा रस्त्यावर, सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या किती गाड्या बुडाल्या ते या डोळ्यांनी पाहिलंय. त्याआधी ऑगस्ट २०१९मध्ये कोल्हापूर-सांगलीत तेच. विमा कंपन्या अशा गाड्या टोटल लॉस धरतात, मग त्या लिलावात जातात, आतून धुऊन, नवे सीट कव्हर घालून दूरच्या शहरात विकायला येतात. फोटोत चकाचक दिसणारी गाडी म्हणजे चांगलीच असं धरू नका.

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. बाहेरचा भाग धुतलेला असतो, पण आत गुंडाळलेल्या टोकाला मातीची रेघ राहते. स्टेपनी उचलून खालचा खड्डा बघा. सीटखालचे स्क्रू आणि रेल गंजलेत का, मॅट उचलून खालचं फोम कुबट वासाचं आहे का, हेडलाइटच्या आत पाण्याची पातळी दाखवणारा मळकट पट्टा आहे का ते पाहा. आत शिरल्याबरोबर सुगंधाचा भपकारा आला तर खिडक्या बंद करून दहा मिनिटं गाडीत बसून राहा. कुबट वास अत्तराला पुरून उरतो.

बुडालेल्या गाडीचं इंजिन दुरुस्त होतं. वायरिंग आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) मात्र वर्षा-दोन वर्षांनी कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि ते नेमकं भर पावसात घाटातच होतं.

मोगरा

तिरफळ, सीटबेल्टची युक्ती आजच कळली. धन्यवाद.

कोयनाकाठ, मी गेली काही वर्षं जुनी वॅगनआर चालवतेय, साताऱ्यात. माझी उंची पाच फुटांच्या आसपास आहे, आणि मला त्या गाडीचा सगळ्यात मोठा आधार वाटतो तो उंच सीटचा. समोरचं बॉनेट कुठे संपतं ते दिसतं. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना वाकून आत बसावं लागत नाही, सरळ टेकतात आणि पाय आत घेतात. ग्रँड आय१०मध्ये बसताना त्यांना खाली जावं लागायचं. शोरूमच्या माहितीपत्रकात हे कुणी लिहीत नाही, म्हणून गाडी बघायला जाताना सासू-सासऱ्यांना न्याच. चार वेळा चढ-उतर करू दे.

टपरीवरचा चहा

गाडी बघायला सासूबाईंना नेलं की किंमतही पंचवीस हजारांनी खाली येते, हा माझा अनुभव आहे. आमच्या मातोश्रींनी विकणाऱ्याला फक्त एवढंच विचारलं, "बाळा, इतकी चांगली आहे तर विकतोयस कशाला?"

द्राक्षबाग

हाहा! आणि पितृपक्षात घ्या. गिऱ्हाईक कमी असतं, डीलर फोन करकरून बोलावतात. आमच्या आजोबांचा हिशोब साधा होता, पितरांना आपण गाडीत बसलेलं बघून आनंदच होईल.

मोगरा

पितृपक्षात व्यवहार करा आणि दसऱ्याला घरी आणा. दोन्ही साधतं. लिंबू मात्र चारही चाकांखाली हवं, त्यात तडजोड नाही :)

कागदपत्र

गाडीची तपासणी झाली, आता कागदांचं बोलू. मी वकिली करतो आणि मोटार अपघात दाव्यांची कामं बघतो, त्यामुळे हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. शांतपणे वाचा.

आपल्याकडे गाडी विकली म्हणजे पैसे मिळाले आणि किल्ली दिली, असं समजतात. कायदा तसं समजत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. आधी कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५, म्हणजे एचपी, आरसीवरचा बँकेचा बोजा, उतरते. हे झालं नाही तर काय होतं? नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८मध्ये निकाल दिला. गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, तिसऱ्याकडे अशी विकली जात गेली होती, पण आरटीओच्या नोंदीत पहिलाच मालक होता. अपघात झाला आणि भरपाईची जबाबदारी आली त्या नोंदणीकृत मालकावर. गाडी त्याच्या ताब्यात नसतानासुद्धा.

म्हणून काकांनाही सांगा, नाव ट्रान्सफर करून देणं त्यांच्याच हिताचं आहे. आणि तुमच्या बाजूने, विम्याचं. थर्ड पार्टी विमा गाडीबरोबर येतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र पॉलिसी तुमच्या नावावर झाल्याशिवाय उपयोगाचा नाही, त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करायचा असतो. आरसी तुमच्या नावावर आणि पॉलिसी काकांच्या, अशा स्थितीत डेंटिंगचा दावासुद्धा नाकारतात. नो क्लेम बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे. काकांना ५० टक्के सूट असेल तर ती त्यांच्या पुढच्या गाडीला जाईल, तुम्ही शून्यापासून. तेवढा हप्ता वाढणार हे बजेटमध्ये धरा.

पैसे देण्याआधी परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाकून मालक कितवा, एचपी आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, हे बघा. ई-चलान वेगळं तपासा. थकलेली चलानं भरून त्याची पावती घ्या आणि मगच शेवटची रक्कम द्या. "माझा लोकअदालतीचा माणूस आहे, अर्ध्यात करून देतो" यावर भरवसा नको.

कोयनाकाठ

कागदपत्र दादा, पुण्याच्या डीलरने सांगितलं की मूळ मालकाची सही असलेला कोरा फॉर्म आमच्याकडे आहे, नाव नंतर टाकून देऊ, तुम्ही गाडी न्या.

कागदपत्र

तिथून उठा आणि घरी या.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकृत प्रमाणपत्र लागतं. मालकाने गाडी डीलरकडे दिली की तशी सूचना फॉर्म २९ सीमधून पोर्टलवर जाते आणि मधल्या काळात डीलर मालक मानला जातो. हा नियम नेमका कोऱ्या सह्यांचा खेळ थांबवायला आला. प्रमाणपत्र दाखवा म्हणा. दाखवलं नाही तर विषय संपला.

थेम्सकाठी

इथे इंग्लंडमध्ये मी एक जुनी छोटी हॅचबॅक वापरतो, त्यामुळे वाचताना सारखी तुलना होतेय. इथे तीन वर्षांपुढच्या प्रत्येक गाडीची दरवर्षी एमओटी तपासणी होते आणि सरकारी संकेतस्थळावर नंबर टाकला की आजवरच्या सगळ्या तपासण्या फुकट दिसतात: कधी पास, कधी नापास, कशामुळे, आणि प्रत्येक वेळी मीटर किती होतं. मीटर मागे फिरवलं की दुसऱ्याच ओळीत पकडलं जातं. आपल्याकडे पीयूसी दरवर्षी होतेच. त्याच वेळी किलोमीटर नोंदवून सगळ्यांना बघता आले असते तर कोयनाकाठसारख्या कुटुंबांची केवढी काळजी मिटली असती. मला हे मनापासून व्हावंसं वाटतं.

गिअरबॉक्स

शंभर टक्के सहमत. तोवर एक उपाय: कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मालकाला बरोबर घेऊन जा, गाडीचा जुना इतिहास ते दाखवतात. किलोमीटर, बदललेले पार्ट, बॉडीशॉपची कामं. २०२१ला ६२ हजार आणि आज मीटरवर ४५ हजार, अशा गाड्या मी ग्राहकांना तिथेच दाखवून दिल्यात. इतिहास तीन-चार वर्षांनंतर तुटला असेल तर फार शंका नको, वॉरंटी संपल्यावर निम्मे लोक बाहेरच्या गॅरेजला येतात, माझं घर त्यावरच चालतं.

आणि क्लच, ब्रेकच्या पेडलवरचं रबर बघा. ते खोटं बोलत नाही.

वऱ्हाडी ठेचा

पिठलंभाकर, तुमचा ७८ हजारांचा हिशोब पटला. तरी ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, २०१९ची नाही.

गिअरबॉक्स

रास्त शंका आहे. मायलेज थोडं कमी होतं, कारण इथेनॉलमध्ये तेवढ्याच लिटरला ऊर्जा कमी. जुन्या गाडीत रबरी होस आणि सील लवकर कडक होऊ शकतात. गाडी महिनोन्महिने उभी ठेवू नका, टाकी पूर्ण रिकामी करून ठेवू नका, आणि सर्व्हिसला फ्युएल लाइन बघायला सांगा. बदलायची वेळ आली तरी होस आवाक्यातली वस्तू आहे, त्यासाठी लाखभर जास्त देऊन नवी गाडी घ्यायची गरज नाही.

आंबेमोहर

दिल्ली पासिंगच्या गाड्या फार स्वस्त दिसतात, त्यांच्याबद्दल कुणी बोललं नाही. नवऱ्याच्या मित्राने सुचवलंय.

पिठलंभाकर

दिल्लीत दहा वर्षांपुढची डिझेल आणि पंधरा वर्षांपुढची पेट्रोल गाडी चालवण्यावर निर्बंध आले, म्हणून तिकडच्या गाड्या स्वस्तात बाहेर पडतात. पण तिथली एनओसी, इथला उरलेल्या वर्षांचा रोड टॅक्स, नवा नंबर आणि या सगळ्या फेऱ्या धरल्या की छोट्या गाडीत काही वाचत नाही. दहा-बारा लाखांच्या गाडीत वाचत असेल. महाराष्ट्रातलीच घेतली तर नंबर तोच राहतो, फक्त नाव बदलतं.

तसंच फार जुनी, चौदा-पंधरा वर्षांची घेऊ नका. पंधरा वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण लागतं, त्याची केंद्राची फी एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये आहे, शिवाय पर्यावरण कर आणि फिटनेस. आणि एप्रिल २०१९च्या आधीची गाडी असेल तर नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवलीय का बघा. चारचाकीला ७४५ रुपये अधिक जीएसटी, रक्कम छोटी आहे पण ती विकणाऱ्यानेच बसवून द्यावी.

मोगरा

एएमटीबद्दल, म्हणजे क्लच पेडल नसलेल्या ऑटो गिअरबद्दल, पण लिहा ना कुणीतरी. सेलेरिओची एएमटी २०१४पासून आहे, जुन्या बाजारात बऱ्याच दिसतात.

गिअरबॉक्स

शहरात आराम. पण जुनी घेताना क्लच दाबणारा ॲक्च्युएटर तपासल्याशिवाय नको, तो गेला की खर्च मोठा. ताईंना पाटणकडे चढ-उतार आहेत आणि गाडी शिकलेल्या आहेत, तर मॅन्युअलच घ्या.

कोयनाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस रात्री जागून प्रत्येक प्रतिसाद वहीत उतरवला.

पुण्याची ग्रँड आय१० सोडली. प्रमाणपत्राचं विचारल्यावर त्यांनी परत फोनच केला नाही. काकांनाही नाही म्हटलं, त्यांना वाईट वाटलं नाही, उलट म्हणाले मुलीसाठी एअरबॅगवालीच बघ.

आता सांगलीत एक वॅगनआर सापडलीय. २०१९च्या ऑगस्टची, नवं रूप, एलएक्सआय, कंपनी फिटेड सीएनजी, ८८ हजार किमी, फर्स्ट ओनर, एका बँक कर्मचाऱ्याची. ३ लाख २० मागतायत, ३ लाख ५ पर्यंत येतील असं वाटतं. गाडी सांगलीच्या पुराच्याच महिन्यातली आहे, म्हणून सीटबेल्ट ओढून बघितला, स्वच्छ आहे. सीएनजीबद्दल मात्र मला काहीच माहिती नाही.

पिठलंभाकर

८८ हजार चालली म्हणजे रोज वापरात होती. उभी राहून कुजलेल्या ३० हजारांच्या गाडीपेक्षा मला ही आवडेल. विम्यातही एक छोटा फायदा: एक हजार सीसीच्या आतल्या गाडीला थर्ड पार्टी प्रीमियम २०२२च्या दराप्रमाणे २,०९४ रुपये आहे, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६.

आंबेमोहर

आमच्याकडे कंपनी फिटेड सीएनजी आहे. महिन्याचा इंधनखर्च खरंच डोळ्यांना दिसेल इतका कमी होतो. पण डिकी विसरा. गावाहून तांदळाचं पोतं आणायचं असेल तर ते मागच्या सीटवर मुलीशेजारी. आणि पंपावर रांग, सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी तर विचारू नका. सकाळी शाळेला जाताना भरणं जमणार नाही, आठवड्याचा एक ठरावीक दिवस ठेवा.

तिरफळ

कुंभार्ली चढताना सीएनजीवर चार माणसं आणि एसी असेल तर पिकअप पडतो. मी चढाला पेट्रोलवर टाकतो, वर पोचलं की परत सीएनजी. ट्रायलही तशीच घ्या, चढावर, एसी लावून, दोन्ही इंधनांवर.

गिअरबॉक्स

ताई, गाडी सांगलीतच आहे तर रविवारी माझ्याकडे आणा, लिफ्टवर घेऊन खालून बघतो. पैसे नकोत.

सीएनजीवाल्या गाडीत मी काय बघणार ते सांगून ठेवतो, म्हणजे तुम्हालाही आधी नजर टाकता येईल. आरसीवर इंधन "पेट्रोल/सीएनजी" असंच लिहिलेलं हवं. बाहेरून बसवलेलं किट आणि आरसीवर नोंद नाही, असं असेल तर अपघातात विमा कंपनी हात वर करते. कंपनी फिटेडला तो प्रश्न सहसा येत नाही, तरी वाचून घ्या. टाकीची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाखाली तपासणी, दर तीन वर्षांनी लागते. २०१९ची गाडी म्हणजे २०२२ला एक आणि २०२५ला दुसरी झालेली हवी, त्याची पट्टी आणि प्रमाणपत्र दोन्ही मागा. झाली नसेल तर ते पैसे किमतीतून वजा करा, आणि टेस्ट होईपर्यंत पंपवाला गॅस भरणार नाही हेही लक्षात ठेवा.

सीएनजीवर जास्त चाललेल्या इंजिनाचे स्पार्क प्लग आणि व्हॉल्व्ह बघावे लागतात. थंड इंजिन पेट्रोलवर सुरू करून दोन मिनिटं आयडलला ठेवा. मिसिंग, म्हणजे इंजिन अडखळतंय असं, वाटलं तर बहुतेक प्लग किंवा कॉईल, त्याला घाबरायचं नाही. बरेच मालक पेट्रोल टाकतच नाहीत, मग इंजेक्टर आणि पंप जाम होतात. म्हणून पेट्रोलवर पाच-सहा किलोमीटर चालवल्याशिवाय हो म्हणू नका. पुढचे लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश ८८ हजाराला आवाज करतातच, मागे टाकीचं वजन असतं म्हणून मागचे शॉकअपही मी दाबून बघेन. हे सगळं धरून दहा-बारा हजारांचं काम निघेल असं मनात ठेवा आणि ३ लाखांना मागा.

कागदपत्र

टोकन द्यायचं असेल तर पाच हजारांच्या वर नको, बँकेतूनच द्या, आणि एका कागदावर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, ठरलेली किंमत आणि "नाव ट्रान्सफर न झाल्यास रक्कम परत" एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या. किल्ली हातात घ्याल त्या दिवसाची तारीख आणि वेळही लिहा. त्याआधी कॅमेऱ्यात आलेलं चलान त्यांचं, नंतरचं तुमचं. मालकाचा आधारशी जोडलेला मोबाईल त्यांच्याच हातात असताना बसून ऑनलाइन अर्ज पूर्ण करा, ओटीपी नंतर मागत बसावं लागत नाही.

कोयनाकाठ

गिअरबॉक्स दादा, रविवारी सकाळी साडेआठला निघतो. मालक म्हणालेत गाडी थंडच ठेवतो, बॉनेटला हात लावून बघा. हायड्रो टेस्टचं प्रमाणपत्र २०२५चं आहे, फोटो पाठवलाय. २०२२चं सापडत नाही म्हणतात, ते चालेल का?

गिअरबॉक्स

चालेल. २०२५चं खरं असलं म्हणजे झालं, टाकीवरचा सिरीयल नंबर प्रमाणपत्राशी जुळवून घेऊ. सासूबाईंनाही आणा, मोगरा ताई म्हणतात ते बरोबर आहे. चहा आमच्याकडे.